कॉल आला, पुणे गाठलं आणि ‘लिव्हर घेतलं नाही’ म्हणून परत पाठवलं. असं का होतं?

जुळेसोलापूरकर:

राम राम मंडळी. माझे मामा लिव्हरच्या वेटिंग लिस्टवर आहेत. वय ५४, पूर्वी यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झाला (लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललंय), पोटातलं पाणी सारखं काढावं लागतं, मेल्ड स्कोअर (लिव्हरचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा) २४. नाव पुण्यातल्या एका हॉस्पिटलमधून लावलंय.

मागच्या आठवड्यात रात्री पाऊण वाजता कोऑर्डिनेटरचा फोन आला. डोनर मिळतोय, रक्तगट जुळतोय, रिपोर्ट चांगले आहेत, काही खाऊपिऊ देऊ नका आणि निघा. शेजाऱ्यांची गाडी काढली, पहाटे पाचच्या सुमारास पोचलो. रक्त काढलं, एक्स-रे, ईसीजी, अंगावरचे केस काढले, सह्या झाल्या. मामांना ओटीच्या दारापर्यंत नेलं. आणि आठ वाजता सांगितलं, ‘सर्जननी लिव्हर बघितलं, घेण्यासारखं नाही. घरी जा, यादीतलं नाव तसंच राहील.’ बस. पुढं बोलायला कुणाला वेळ नव्हता.

परत येताना मामी इंदापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी दिलं असणार.

मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी सगळं चांगलं होतं म्हणे, मग नुसतं डोळ्यांनी बघून नाही कसं म्हणतात? डोनर बाहेरगावचा होता, तर आणायला चार-पाच तास लागतात म्हणून लिव्हर खराब होतं का? तसं असेल तर उद्या आपल्या सोलापुरातला डोनर पुण्याला काय कामाचा? कुणी यातलं जवळून पाहिलेलं असेल तर सांगा.

पार्कचौक_कट्टा:

का बे, एवढं साधं कळंना? पैसेवाला सापडला असणार. आपल्यासारख्याला ‘बघितलं, चांगलं नाही’ सांगायचं, विषय संपला.

ओटी_सिस्टर_निवृत्त:

पार्कचौकवाले दादा, तुम्ही दोन ओळी लिहून मोकळे झालात, पण त्या मामींनी हे वाचलं तर त्यांची झोप उडेल. माहिती नसेल तर गप्प बसावं.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या ओटीत बरीच वर्षं काढली. आमच्याकडे लिव्हर बसवत नव्हते, पण मेंदूमृत पेशंटचे अवयव काढायला पुण्याहून टीम यायची तेव्हा मी स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हाताशी, असायची. जुळेसोलापूरकर, तुम्हाला अंतराची काळजी वाटतेय. सगळ्यांना तीच वाटते, कारण पेपरात फोटो येतो तो ग्रीन कॉरिडॉरचा. लिव्हरचं बरंवाईट मात्र बहुतेक वेळा ॲम्ब्युलन्स सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं, डोनरच्या आयसीयूत.

समजा हायवेवर मोटरसायकल घसरली, हेल्मेट नाही, डोक्याला मार. पेशंट आला की डॉक्टरांचं सगळं लक्ष मेंदूवर. सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल, तीन टक्क्यांचं सलाईन. सोडियम मुद्दाम वर ठेवायचं. आणि हे बरोबरच आहे, तेव्हा माणूस वाचवायचा असतो. मग मेंदूचा देठ मरतो. मरताना एकदम बीपी चढतं, नंतर कोसळतं. पिट्युटरी ग्रंथी बंद पडते, त्यामुळे लघवी आवरून धरणारं हार्मोन मिळत नाही आणि तासाला अर्धा अर्धा लिटर लघवी व्हायला लागते. पाणी निघून गेलं की सोडियम आणखी चढतं. १६०, १६५, कधी त्याच्याही वर.

या सोडियमचा लिव्हरशी काय संबंध, हे मला पुण्याच्या एका सर्जननी हात धुता धुता समजावलं होतं. इतक्या खारट रक्तात लिव्हरच्या पेशी स्वतःला जुळवून घेतात. त्याच पेशी तुमच्या मामांसारख्या माणसात बसवल्या, तर त्यांचं सोडियम असतं १२८-१३०, कारण सिरॉसिसमध्ये ते बहुधा कमीच असतं. मग पाणी पेशींत घुसतं आणि लिव्हर आतून सुजतं. १५५ च्या वर सोडियम राहिलेलं लिव्हर घ्यायला सर्जन कचरतात ते म्हणून.

आता यातली खरी गंमत बघा (गंमत म्हणायची म्हणून). जिवंत पेशंटचं चढलेलं सोडियम झरझर उतरवायचं नाही, मेंदू सुजतो, हे आयसीयूतल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. मेंदूमृत जाहीर झाल्यावर आणि घरच्यांनी होकार दिल्यावर ती भीती उरत नाही, पण हात त्याच सवयीनं चालतो. आमच्याकडे एका मुलाचं सोडियम १६८ होतं. रात्रपाळीचे भूलतज्ज्ञ उत्साही होते. व्हॅसोप्रेसिन (तेच लघवी आवरणारं हार्मोन) लावलं, राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, साधं पाणी, शिरेतून पाच टक्के डेक्स्ट्रोज, दर दोन तासांनी रक्ताची गॅस तपासणी. पहाटे १५१ झालं. टीम आली, लिव्हर घेतलं. तोच पेशंट ‘आता काय राहिलंय’ म्हणून कोपऱ्यात पडून राहिला असता तर सकाळी लिव्हर गेलेलं असतं.

कायद्यानं चार डॉक्टरांची समिती लागते आणि मेंदूमृत्यूच्या तपासण्या दोनदा कराव्या लागतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. त्यात व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का बघायची ॲप्निया टेस्ट. अपघात असला की पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेमची व्यवस्था. नातेवाईक अक्कलकोटहून, कलबुर्गीहून येईपर्यंत थांबायचं ते वेगळंच, आणि थांबायलाच हवं. हे सगळे तास पेशंटचं बीपी कुणीतरी धरून ठेवायचं असतं. आम्हाला शंभराचा हिशोब शिकवला होता. वरचं बीपी १००, लघवी तासाला १००, रक्तातला ऑक्सिजन १००, हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे रिपोर्टातलं १०. बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रीनलीन औषधाचा पंप जितका वर चढवावा लागतो तितकं लिव्हरला रक्त कमी पोचतं.

आता ओटीतलं सांगते. गळ्याखालच्या खोबणीपासून ओटीपोटापर्यंत एकच चीर. छाती-पोट उघडलं की सर्जन आधी लिव्हरला हात लावतात. तुम्ही ‘नुसतं बघून’ म्हणालात, पण नुसतं बघत नाहीत. चांगल्या लिव्हरची कड पातळ, धारदार असते, रंग तांबूस तपकिरी, दाबलं तर मऊ आणि परत वर येतं. चरबीचं लिव्हर पिवळट दिसतं, कडा गोल झालेल्या, बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. मग बोट पित्तनळीच्या मागं घालतात, तिथं ठोका लागतो का बघायला. काही माणसांत लिव्हरच्या उजव्या भागाची धमनी नेहमीच्या जागेवरून न येता आतड्याच्या मोठ्या धमनीपासून निघते आणि पित्तनळीच्या मागून जाते. डावीही कधी जठराच्या धमनीतून येते. ती लक्षात आली नाही आणि कापली गेली, तर लिव्हर कितीही सुंदर असो, पुढं धमनीत गाठ होण्याचा धोका.

हे बघून झालं की सर्जन बाहेर येऊन पुण्याला फोन करतात. त्यांनी हो म्हटल्यावरच तिकडच्या पेशंटच्या पोटावर सुरी चालते. तुमच्या मामांना ओटीच्या दारात थांबवलं होतं ते याच फोनसाठी. आधी बोलावून तयार ठेवलं नाही तर चांगलं लिव्हर बर्फात वाट बघत बसेल, आणि फोनच्या आधी पोट उघडलं तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

हो आला की धावपळ. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, किलोला ३०० युनिट, दोन-तीन मिनिटं थांबायचं. महाधमनीत खाली नळी, वर छातीच्या पडद्यापाशी क्लॅम्प. क्लॅम्प लागला ती वेळ मोठ्यानं सांगायची आणि फळ्यावर लिहायची, थंड वेळेचं घड्याळ तिथून सुरू. रक्त बाहेर, थंडगार द्रावण आत. पोटात बर्फाचा चुरा ओतायचा, तो चुरा माझ्याकडे. सलाईनच्या बाटल्या डीप फ्रीजमध्ये गोठवून ठेवायच्या, कापून आतला गोळा निर्जंतुक कापडात घ्यायचा आणि हातोडीनं कुटायचा. टोकदार खडा राहता कामा नये, लिव्हरला टोचतो. शिकलेसवरलेले डॉक्टर या कामाकडे ढुंकून बघत नाहीत आणि ऐनवेळी ‘सिस्टर, स्लश!’ म्हणून ओरडतात.

द्रावण आत गेलं की लिव्हरचा रंग एकसारखा फिका पडत जातो. कुठं लाल डाग राहिले तर तिथं द्रावण पोचलेलं नाही. पित्ताशय कापून आतलं पित्त धुवायचं, नळीही धुवायची, कारण साचलेलं पित्त नळीचं आतलं अस्तर खातं. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या शिरा-धमन्यांचे तुकडेही बरोबर देतात, जोड कमी पडला तर सुटे भाग म्हणून. तीन पिशव्या, एकात एक, आतल्या पिशवीत द्रावण, बर्फ बाहेर. लिव्हर गोठलं तर संपलं, म्हणून बर्फ अंगाला लागू द्यायचा नाही.

आता अंतर. क्लॅम्पपासून मामांच्या शरीरात रक्त सुरू होईपर्यंत आठ तासांच्या आत असलं तर उत्तम, चांगलं लिव्हर बारा तासांपर्यंतही चालवून घेतात. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. काढायला पाऊण तास, रस्ता साडेतीन तास, तिकडे टेबलावर साफसफाईला तासभर, शिवायला तासभर. बसतं त्यात. पण थंडीत नासणं थांबत नाही, सावकाश होतं एवढंच, फ्रीजमधल्या दुधासारखं. चरबीवालं किंवा बीपी पडलेलं लिव्हर असेल तर तेच सहा-सव्वासहा तास त्याला जड जातात.

बार्शीलाइट:

सिस्टर, दंडवत. मी पुण्यात सर्जरीचं पुढचं शिक्षण घेतोय, मूळ बार्शीचा. स्लशचा टोमणा मुकाट्यानं स्वीकारतो. थोडी भर घालतो.

रिपोर्ट चांगले असूनही नकार का, तर एसजीओटी-एसजीपीटी म्हणजे पेशी किती फुटल्या याचा अंदाज. चरबी भरलेली असून पेशी फुटलेल्या नसल्या तर हे आकडे अगदी नॉर्मल येतात. आयसीयूत खाटेवर केलेल्या सोनोग्राफीत थोडी चरबी सहज निसटते, पोटात गॅस असेल तर विचारूच नका. खरं उत्तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर मिळतं, पण रात्री अडीच वाजता फ्रोजन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणी) करून द्यायची सोय सगळीकडे नसते. मग हाताचा अंदाज.

चरबी दोन प्रकारची. बारीक थेंबांची फारशी त्रास देत नाही. मोठा थेंब पेशीतलं केंद्रक बाजूला ढकलतो, ती वाईट. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांपर्यंत असेल तर लिव्हर बिनधास्त घेतात. ३० ते ६० मध्ये विचार करतात, डोनर तरुण आहे का, थंड वेळ किती होईल, समोरचा पेशंट किती आजारी आहे. ६० च्या वर सहसा नकोच. अशा पेशी थंडीतून पुन्हा गरम रक्तात आल्या की फुटतात, थेंब बाहेर पडून बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

वय हे एकटं कारण नसतं. सत्तरीतल्या डोनरचं लिव्हरही नीट चालतं, बाकी गोष्टी जुळल्या तर. आणि एचएलए जुळवणी (रक्तगटापलीकडची, पेशींवरच्या खुणांची जुळणी), जी किडनीत एवढी महत्त्वाची असते, तिच्यासाठी लिव्हरमध्ये थांबत नाहीत. रक्तगट आणि आकार बघतात.

नको ते लिव्हर घेतलं तर काय होतं, हे मामींना सांगायला हवं. सगळ्यात वाईट म्हणजे बसवलेलं लिव्हर सुरूच होत नाही. पित्त येत नाही, रक्तातलं लॅक्टेट हे आम्ल उतरत नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढतच जातो, पेशंट शुद्धीवर येत नाही. मग काही दिवसांत दुसरं लिव्हर मिळालं तरच माणूस वाचतो. त्याच्या अलीकडचा प्रकार म्हणजे सुरू होतं पण रडतखडत. सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा जास्त, किंवा आयएनआर १.६ किंवा जास्त, किंवा पहिल्या आठवड्यात एसजीओटी-एसजीपीटी २००० पार. यातले बरेच सावरतात, पण आयसीयू लांबतं, किडनी दमते. मेल्ड २४ म्हणजे मामा आजारी आहेत, तरी धोक्याचं लिव्हर घेण्याइतकी वेळ आली नसेल असा सर्जननी हिशोब केला असणार. तेच लिव्हर मेल्ड ३८ वाल्यासाठी कदाचित वेगळ्या नजरेनं बघितलं गेलं असतं. पार्कचौकवाल्यांच्या शंकेत तथ्य वाटण्यासारखी एवढीच एक जागा, आणि तिथंही पैसा नाही, आजार मोजतात.

आता परदेशात लिव्हर बर्फात न ठेवता यंत्रावर ठेवायची पद्धत वाढतेय. त्यातून ऑक्सिजन असलेलं थंड द्रावण किंवा कोमट रक्त फिरवतात. कोमट रक्तावर ठेवलं तर बसवण्याआधीच पित्त येतं का, लॅक्टेट उतरतो का, ते बघता येतं. खर्च फार, पण हाताच्या अंदाजाला दुजोरा मिळतो.

स्टेअरिंग_६५:

डॉक्टर लोकांचं सगळं डोक्यावरनं गेलं, पण रस्त्याचं मी सांगतो. ॲम्ब्युलन्सवर हाय. कॉरिडॉर म्हणजे लई जोरात पळवायचं असं लोकांना वाटतंय. तसं नसतंय. थांबायचं नसतंय. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, चारी टोलनाक्यांना आधी फोन गेलेला असतोय, एक लेन मोकळी. टेंभुर्णीच्या पुढं भीमेचा पूल वलांडला की आपली पोलीस गाडी मागं फिरती आणि पुणे ग्रामीणची पुढं लागती. खरा ताप यवतपासनं. लोणी काळभोर, हडपसर इथं पोलिसांनी चौक धरला नाही तर अडीचशे किलोमीटरचं कमावलेलं शेवटच्या वीसात जातंय. ऊस गाळपाच्या दिवसात भिगवण-इंदापूर पट्ट्यात डबल ट्रॉल्या रात्री बिनलाइटच्या, तेवढं मात्र देवाचं नाव घेऊन. आणि पेटी पट्ट्यानं बांधायची. डॉक्टर मांडीवर धरून बसलेले पण बघितलेत मी.

जुळेसोलापूरकर:

सिस्टर, डॉक्टर, दादा, काय बोलू. सगळं मामीला वाचून दाखवलं, दोनदा. आज कोऑर्डिनेटरला फोन करून शांतपणे विचारलं. त्यांनी सांगितलं की पोट उघडल्यावर चरबी बरीच निघाली, सर्जनचा अंदाज ५० टक्क्यांच्या आसपास, आणि डोनर बीपीच्या औषधाच्या दोन पंपांवर होता. मामांचं सोडियम १२७ आहे. मामीनं एकच विचारलं, त्या माणसाच्या घरच्यांनी एवढा होकार दिला, मग ते सगळं वाया गेलं का?

आणि पुढच्या कॉलपर्यंत आम्ही काय करायचं?

ओटी_सिस्टर_निवृत्त:

मामींना सांगा, लिव्हर नाकारलं म्हणजे डोनर नाकारला असं नसतं. प्रत्येक अवयवाची टीम वेगळी, हिशोब वेगळा. लिव्हरमध्ये चरबी असली तरी किडन्या चांगल्या निघू शकतात, डोळ्यांच्या पारदर्शक पटलांना तर लिव्हरशी काही देणंघेणं नसतं. नाव-गाव कुणी सांगणार नाही आणि सांगूही नये. किडन्या लागल्या का, एवढं कोऑर्डिनेटरला विचारून बघा.

तुम्ही करायचं ते असं. फोन दोन माणसांचे द्या आणि रात्री सायलेंटवर टाकू नका. मामांना ताप आला, पोट दुखायला लागलं, खोकला वाढला, की लगेच कळवा. अंगात जंतुसंसर्ग असेल तर चांगलं लिव्हर आलं तरी मामांना ओटीत घेणार नाहीत. हिपॅटायटिस बीची गोळी एक दिवसही चुकवू नका. १२७ सोडियम आहे म्हणून कुणी मीठ वाढवा म्हणेल, तर ऐकू नका. सिरॉसिसमध्ये ते पाणी जास्त साठल्यानं कमी दिसतं, मिठानं पोट आणखी फुगेल. पाणी किती प्यायचं, लघवीच्या गोळ्या किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. शेंगाचटणी आणि लोणचं बंद, हे मामांना सांगायचं काम मामींचं. अंडी, डाळ, दूध सोडू नका, दंड बारीक होत चाललेत का बघत राहा. झोपताना काहीतरी खायला द्या, रात्रभर उपाशी ठेवू नका. कॉल आला तरच उपास.

आणि ताज्या रिपोर्टची फाईल दाराजवळ ठेवा.